वन्सांच्या पायातला काटा

आमच्या वन्सं माहेरी आल्या, की चपला काढायच्या आधी माझ्या घराची झडती सुरू व्हायची. तुपाच्या भांड्याला नाक लाव, उतरंडीचं वरचं गाडगं उघडून बघ, चुलीवरच्या डाळीतला दाणा चिमटीत दाबून बघ. जणू मी त्यांच्या भावाला इतकी वर्षं कोंडाच खाऊ घालत होते. त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर त्यांनी हद्द केली. गाडीतून उतरल्या त्या लंगडत लंगडत थेट माझ्या परातीपाशी आल्या, मळलेल्या कणकेत बोट खुपसलं आणि म्हणाल्या, "द्वारके, कणीक अजून लवचीक नाही झाली. मांडे फाटतील हिचे."

"तुम्ही बोट काढलंत तर नाही फाटणार," मी म्हटलं.

आमचे हे बहिणीची पिशवी हातात धरून दारात उभे. त्यांचं सगळं आयुष्य असंच गेलं, माझ्या आणि बहिणीच्या मध्ये पिशवी धरून. "आक्का, आधी पाणी तरी घे," ते म्हणाले.

"पाणी कला आणील. कुठे आहे माझी सून?"

सून म्हटलं की कला आत पळायची, तोंडावरचं हसू पदराला पुसायची आणि मग तांब्या घेऊन यायची. माझी धाकटी ती. पाळण्यात होती तेव्हापासून वन्सं तिला सून म्हणत आल्या. आमच्याकडे भावाच्या मुलीवर पहिला हक्क आत्याचा, त्यात कुणाला काही विचारावं लागत नाही. वन्सांचा दिनकर आणि कला लहानपणी आखाजीच्या झोक्यावरून एकमेकांना ढकलून द्यायचे. मोठे झाले तसं समोरासमोर आले की दोघांची दातखीळ बसायची. दिनकर पाणी मागायचा आणि पाणी आलं की ते प्यायचं विसरायचा. मला कळायचं ते. मी दुसरी यत्ता शिकलेली बाई, पुस्तक मला कळत नाही, पण पाणी का सांडलं ते कळतं.

त्या आखाजीला वन्सं साखरपुड्याचा दिवस धरायला आल्या होत्या.

कला तांब्या घेऊन आली. तिनं तो पदराच्या टोकात गुंडाळून धरला होता. वन्सं गटागटा पाणी प्यायल्या, ओसरीवर बसल्या आणि उजवा पाय पुढं करून म्हणाल्या, "बघ ग बाई जरा. तुझ्यावाचून कुणाचा हात लागत नाही त्याला."

हा पाय म्हणजे वन्सांचं दुसरं लेकरू. मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर त्यांचा निरोप आला होता, टाचेशी बाभळीचा काटा मोडलाय, टोक आत राहिलंय, उभं राहवत नाही, कलाला पाठवा. कला गेली ती होळीपर्यंत राहिली. कापूस वेचणीचे दिवस. पहाटे वेचणीच्या बायांच्या भाकऱ्या, मग वेचायला स्वतः, मग धुणं, भांडी, आणि दिवेलागणीला आत्याचा पाय. गरम पाण्याचं घमेलं, आत्याचा पाय मांडीवर, जाड झालेलं कातडं ब्लेडनं तासायचं, मग सुईनं कोरून काट्याचं टोक शोधायचं, आणि वर बिब्बा. आत काळे ठिपके दिसायचे. ते टोक आहे असं समजून ही कोरायची, रक्त यायचं, पुसायची, पुन्हा कोरायची. काटा काही हाती लागला नाही. पण घरी आली तेव्हा मला म्हणाली, "आई, आत्या म्हणते माझ्याएवढा हलका हात तिनं बघितला नाही." हे सांगताना तिनं स्वतःचे दोन्ही हात असे समोर धरले होते, जसं काही नवीन बांगड्या भरून आली असावी.

त्या हातांवर पुढल्या दिवाळीच्या सुमारास चामखिळी आल्या.

पहिली आली उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या पेरावर. तांदळाच्या कणीएवढी. मी म्हटलं, घट्टा असेल, जाईल. संक्रांतीपर्यंत ती हरभऱ्याएवढी झाली आणि दोन्ही हातांच्या बोटांवर, नखांच्या कडेला तिच्या बहिणी आल्या. वरून खरखरीत, फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या. दुखायच्या नाहीत. दिसायच्या.

मी काय बाकी ठेवलं? चुना आणि पापडखार लावला. गावाबाहेरच्या मरीमायला मूठभर मीठ वाहिलं. घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधला की चामखीळ सुकून गळते म्हणतात, म्हणून बाजाराच्या गावी जाऊन टांगेवाल्याच्या घोड्यामागे उभी राहिले. टांगेवाला म्हणाला, "मावशी, बाजूला सरका, तो लाथ मारतो." मी म्हटलं, "मारू दे, मी पण मारते." केस आणला, बांधला. एक चामखीळ गळली, आणि तिच्या जागेभोवती तीन उगवल्या.

कला बोलायची नाही. फक्त कुणी आलं की हात पदरात.

तर त्या दिवशी वन्सांनी पाय पुढं केला, तेव्हा मीच आडवी गेले. "पाय मग बघू. मांड्यांचं खापर तापलंय. कला, तू पुरण वाट, मांडे मी करते."

"तू कशाला?" वन्सं म्हणाल्या. "मांडे कला करील. शेजारच्या केवळबाईला बोलावलंय मी, आणि वरच्या आळीच्या बायांना पण. माझ्या सुनेच्या हातचा मांडा बघू दे सगळ्यांना."

आता ज्यांनी खान्देशातला मांडा बघितला नसेल त्यांना सांगते. तो पोळपाटावर होत नाही. पुरण भरलेला उंडा थोडा लाटून घ्यायचा आणि मग उचलून दोन्ही हातांवर फिरवायचा. तो फिरता फिरता वाढतो, पातळ होतो, मनगटावर येतो, कोपरापर्यंत उतरतो, आणि मग अलगद उपड्या खापरावर टाकायचा. सगळा खेळ उघड्या हातांचा. बाईचे हात कसे आहेत ते मांडा करताना सगळ्या गावाला दिसतं.

कला माझ्याकडे बघत होती. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात केवळबाई आणि बाकीच्या आल्या, हसत, पदर सावरत, चुलीभोवती बसल्या. कला उठली. हात धुतले. उंडा घेतला.

पहिला मांडा तिनं असा फिरवला की केवळबाई म्हणाल्या, "गोदूबाई, तुम्ही नशीब काढलं." वन्सांची मान ताठ झाली. दुसरा मांडा हातावर चढला. वन्सं कौतुकानं पुढं सरकल्या, अगदी जवळून बघायला. आणि त्यांचं तोंड बदललं.

"थांब," त्या म्हणाल्या. "तो खाली ठेव."

कला थांबली नाही. मांडा हातावर असताना थांबलं तर तो फाटतो.

"खाली ठेव म्हणते ना. हात दाखव."

मांडा फाटला. अर्धा खापरावर पडला, अर्धा चुलीत. कलानं हात पुढं केले. कणकेनं भरलेले होते, तरी त्या चामखिळी लपायच्या थोड्याच. वन्सांनी तिच्या हाताला स्वतःचा हात लावला नाही. उलथन्याच्या टोकानं तिची बोटं वळवून वळवून बघितली. मी ते आजही बघते. उलथन्यानं.

"हे केव्हापासून?"

"दिवाळीपासून, आत्या."

"आणि या हातांनी आम्हाला मांडे?" मग माझ्याकडे वळल्या. "द्वारके, झाकून देणार होतीस होय पोरीला?"

"तीळ आहे का तो झाकायला?" मी म्हटलं. "चामखिळी आहेत. लोकांना येतात, जातात."

"तुझ्या माहेरी येत असतील. आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या अंगावर असलं काही नाही. या लागट असतात. उद्या माझ्या घराला लागतील, नातवंडांना लागतील. मी काय सांगू लोकांना, सुनेच्या हातचं जेवू नका म्हणून?"

"वन्सं, बायका बसल्यात."

"बसू दे. त्यांच्याही लेकीबाळी आहेत." मग त्या उठल्या आणि बाहेर ओसरीकडे तोंड करून म्हणाल्या, "साखरपुडा राहू दे, भाऊ. हिचे हात आधी साफ कर. झाले तर बघू. पण माझ्या दिनकरला मी किती दिवस बिनलग्नाचा ठेवू तेही बघावं लागेल मला."

आमचे हे ओसरीवर होते. ते म्हणाले, "आक्का." एवढंच म्हणाले.

खापरावरचा अर्धा मांडा काळा झाला. बायका एकेक करून उठल्या. केवळबाईंनी जाता जाता कलाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग, मी बघितलं, दाराबाहेर जाऊन तो हात लुगड्याला पुसला.

संध्याकाळी वन्सं परत गेल्या. कला खापर घासत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आई, बिब्ब्यानं जातील का ग? आत्याच्या पायाला आम्ही बिब्बा लावायचो."

"पायाचं कातडं बैलाचं असतं. हाताला बिब्बा लावशील तर सालटं निघतील. त्याचं नाव काढू नको."

"ती म्हणाली ना, झाले साफ तर बघू."

"ती काय म्हणते ते मला नको सांगू. तिच्याहून चांगलं घर बघीन मी तुझ्यासाठी."

"मला नको चांगलं घर," कला म्हणाली, आणि पुन्हा खापर घासायला लागली. घासून झालेलंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेतात यांचं जेवण घेऊन गेले. परत आले तर घरात जळका, तेलकट वास. बिब्बा भाजला की येतो तो. कला माजघरात भिंतीला टेकून बसली होती, तोंड पांढरं, पदराचा बोळा दातांत धरलेला. डावा हात मांडीवर, फडक्यात करकचून बांधलेला. तिनं बिब्बे निखाऱ्यावर भाजले होते, चेचले होते, आणि गरम गरम लगदा बोटांवर थापून वर फडकं आवळलं होतं. मुळापर्यंत जावं म्हणून.

"सोड ते," मी म्हटलं.

"थोडं राहू दे, आई. अजून मुळापर्यंत गेलं नसेल."

मी फडकं ओढून काढलं. काय निघालं त्याबरोबर, ते मी सांगत नाही.

उजव्या हाताला लावायचं राहून गेलं होतं. उजव्या हातानं तिनं डाव्याला लावलं, आणि मग डाव्यानं उजव्याला लावायला तिच्याकडे डावा हात उरलाच नव्हता.

रात्रीतून हात कोपरापर्यंत सुजला, ताप चढला. जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. जखमा चिघळल्या होत्या. कितीतरी दिवस आम्ही तिथंच होतो. हात वाचला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र आत वळली ती वळलीच, तळहाताला चिकटायला निघाल्यासारखी. दिनकर एकदा आला. दारात उभा राहिला, फळांची पिशवी आत सरकवून ठेवली. कलानं विचारलं, "आत्याचा पाय कसा आहे?" तो म्हणाला, "बरा आहे." मग थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडली आणि गेला. आईसमोर या पोरानं जन्मात तोंड उघडलं नाही, तिथं काय उघडणार होता.

तिथं एक डॉक्टरीण होती. तरुण, बारीक चणीची, पण बोलायला माझ्यासारखी. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "मावशी, हा हात कुणी शिजवला?" मला तिचा राग आला आणि ती आवडली पण.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी तिनं कलाचा उजवा हात हातात घेतला. सरळ, उघड्या हातानं, चामखिळींवरून अंगठा फिरवत. कला हात मागं घेत होती. डॉक्टरणीनं सोडला नाही.

"याला आता काही करायचं नाही," ती म्हणाली. "चुना नाही, केस नाही, ब्लेड नाही."

"मग जाणार कशा?" मी विचारलं. "मुळं खोल असतात त्यांची."

"मुळं नसतात, मावशी. वरच्या कातड्यातच असतं सगळं. एक जंतू असतो, डोळ्यांना न दिसणारा. ओल्या हातावर एखादी चीर असली की शिरतो आणि तिथलं कातडं वाढवत बसतो. रक्तात जात नाही, आईबापाकडून येत नाही. एक दिवस अंगाच्या लक्षात येतं की इथं कुणीतरी फुकट राहतंय, मग अंगच त्याला हाकलून देतं. कुणाला काही महिने लागतात, कुणाला वर्ष, दोन वर्षं. फारच अडचण झाली तर औषध आहे, तेही आपल्या आपण लावायचं नाही."

"म्हणजे बसून राहिलो असतो तरी गेल्या असत्या?"

तिनं कलाच्या डाव्या हाताची पट्टी नीट केली.

मग तिनं विचारलं, "घरात आणखी कुणाला आहेत का? हातावर, पायावर?"

"कुणाला नाहीत," मी म्हटलं. "आमच्या घरात असलं काही नाही."

"पाहुण्यांत? एकाच टॉवेलला हात पुसणारं, कुणाचे पाय दाबलेत, असं काही?"

"आत्याचा पाय मी बघायची," कला म्हणाली. "पण तिला काटा मोडलाय."

"किती दिवस झाले काटा मोडून?"

"दोन वर्षं होत आली."

"निघाला?"

"नाही. टोकं दिसतात, काळी काळी. मी सुईनं कोरायची, पण नुसतं रक्त यायचं."

डॉक्टरीण खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. "वरून दाबलं तर जास्त दुखतं का दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं तर?"

"चिमटीत धरलं की आत्या ओरडायची."

"आणि तेव्हा तुझे हात कसे होते?"

"कसे म्हणजे? भांडी घासायची, धुणं धुवायची, कापूस वेचायची. बोंडांनी ओरखडे यायचेच."

डॉक्टरणीनं कलाचा हात उलटून पुन्हा बघितला. मग माझ्याकडे न बघता, कलाशीच बोलली. "तो काटा नसावा. पायातली चामखीळ तशीच दिसते. अंगाचा भार पडतो म्हणून ती आत दबते, वर कातडं जाड होतं. ते काळे ठिपके म्हणजे बारीक शिरांतलं थिजलेलं रक्त. कोरलं की तेच वाहतं. मी पाय बघितलेला नाही, आणि कुणाची कुणाला लागली हे छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. पण तू चार-पाच महिने ते कोरलंस, चिरलेल्या ओल्या हातांनी, आणि नंतर काही महिन्यांनी तुझ्या हातांवर आल्या. मला दुसरं काही वाटत नाही."

बाहेर कुणीतरी बादली सरकवली, त्याचा आवाज झाला.  

डॉक्टरीण गेल्यावर मी पिशवी भरायला लागले. पातळं कोंबली, तांब्या कोंबला. कला म्हणाली, "कुठे निघालीस?"

"तुझ्या आत्याकडे. आत्ताच्या आत्ता."

"आई, नको सांगू तिला."

"काय म्हणालीस?"

"तिला वाईट वाटेल," कला म्हणाली. "तिला कुठं माहीत होतं? आता सांगून माझी बोटं सरळ होणार आहेत का? उगीच तिच्या जिवाला लागेल. माझी शपथ आहे तुला."

मी पिशवी खाली ठेवली. लेकीनं शपथ घातली की आईचे हात बांधले जातात. तोंड तर माझं कुणीच कधी बांधलं नव्हतं, ते तिनं बांधलं.

महिने गेले. दोन स्थळं आली. एकानं चहा पिऊन झाल्यावर डावा हात बघायला मागितला. दुसऱ्यानं चहाही घेतला नाही. श्रावणात एकदा आम्ही दोघी अंबाडीची भाजी निवडत बसलो होतो. माझी नजर तिच्या उजव्या हातावर गेली. मी तो ओढून उजेडात धरला. पाठीमागून बघितला, पुढून बघितला, नखांच्या कडा बघितल्या. काही नव्हतं. डागही नव्हता. लहान पोरीचा असावा तसा हात.

"केव्हा गेल्या?"

"काय माहीत," कला म्हणाली. "सांगून नाही गेल्या." आणि ती हसली, आणि हसता हसता भाजीची काडी तिच्या हातात तशीच राहिली. मी हात सोडला. भाजी निवडून झाली तरी आम्ही दोघी तिथंच बसून होतो.

पुढल्या आखाजीला वन्सं आल्या. या खेपेला त्यांनी माझी गाडगी उघडली नाहीत. हातात ताट होतं, त्यात हळदीकुंकू आणि पिवळ्या अक्षता. दिनकरचं लग्न ठरलं होतं. तापीपलीकडचं घर, केळीचा बाग, मुलगी मॅट्रिक. वन्सं हे सगळं आमच्या यांना सांगत होत्या, यांची मान डोलत होती. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. कलाही ऐकत होती. ती पाणी घेऊन गेली.

"आली का बाई?" वन्सं म्हणाल्या. "बघू ग हात. हा बघ, कसा साफ झाला. मी म्हणत नव्हते? बिब्ब्याशिवाय जात नाहीत त्या. दुखलं असेल तुला, पण गुण आला की नाही?"

"या हाताला बिब्बा लावला नव्हता, आत्या," कला म्हणाली. "तो त्या हाताला."

वन्सांनी डाव्या हाताकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. "जाऊ दे. देवाच्या मनात असेल तसं होतं. जरा आधी गेल्या असत्या तर…" मग त्यांनी सुस्कारा सोडला, चपलेतून पाय काढला आणि पुढं केला. "बघ ग जरा. आता लग्नाची धावपळ, आणि हा काटा पुन्हा उठलाय. तुझ्यावाचून कुणाला जमत नाही."

मला वाटलं, आता तरी ही पोर उठून आत जाईल. ती आत आलीच. घमेलं घेतलं. त्यात गरम पाणी ओतलं, एका हातानं, कारण दुसऱ्यानं तिला हंडा धरता येत नव्हता. सुई घेतली. आणि बाहेर जाऊन आत्याच्या पायाशी बसली. पाय मांडीवर घेतला.

वन्सांनी डोळे मिटून घेतले. "आह," म्हणाल्या, "काय हलका हात आहे." मग डोळे मिटूनच पुढं म्हणाल्या, "लग्नाला ये हं तू. हवं तर माझ्याजवळच राहा. फक्त मांडवात पुढंपुढं करू नको. नवरीकडची माणसं नवीन आहेत, हात बघतील, विचारतील. मागं स्वयंपाकाकडं थांबलीस तरी चालेल. नाहीतर स्वयंपाकाकडं पण नकोच."

कलानं सुई उचलली. ती पायाकडे बघत होती. वाकडी बोटं तिनं पदराखाली ओढून घेतली.

मी चुलीपासून उठले. ओसरीवर गेले. तिच्या हातातली सुई काढून घेतली, आणि वन्सांचा पाय तिच्या मांडीवरून उचलून खाली जमिनीवर ठेवला.

"आई," कला म्हणाली. "शपथ आहे."

"वर्षभर पाळली," मी म्हटलं. "आता ती मला लागू दे."

वन्सांनी डोळे उघडले. "काय झालं ग द्वारके?"

"वन्सं, तुमच्या पायात काटा नाही. कधीच नव्हता. ती चामखीळ आहे. पायाखाली दबली म्हणून तुम्हाला ओळखू आली नाही. हिनं ती चार-पाच महिने मांडीवर घेऊन कोरली आणि तुमची चामखीळ हिच्या हातांवर आली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरणीनं सांगितलंय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ही पोर वर्षभर मला बोलू देत नव्हती."

आमचे हे उभे राहिले, पुन्हा बसले. वन्सं कलाकडे बघत राहिल्या. "खरं आहे का ग?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नक्की कुणालाच सांगता येत नाही," कला म्हणाली. अजूनही ती त्यांना वाचवत होती.

वन्सांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतला. तोंड उतरलं त्यांचं. म्हणाल्या, "मला काय माहीत होतं, द्वारके?"

"नव्हतं माहीत," मी म्हटलं. "ते मी तुमच्यावर धरत नाही. रोग कुणाचा कुणाला होतो, त्यात कुणाचा गुन्हा नाही. पण त्या दिवशी तुम्ही हिच्या हाताला हात लावला नाहीत, उलथनं लावलंत. आणि आज हिला मांडवाच्या मागं बसवायला निघालात, पाय हिच्याच मांडीवर ठेवून. ते माहीत नसताना नाही केलंत तुम्ही. आता माझं ऐकून घ्या. दिनकरच्या लग्नाला आम्ही येऊ, मानाचा आहेर करू, कमी पडू देणार नाही. माझी कला मांडवात सगळ्यांच्या पुढं बसेल, दोन्ही हात उघडे ठेवून. आणि ती आत आली, की तुम्ही नवऱ्या मुलाची आई असलात तरी जागेवरून उठून उभं राहायचं, वन्सं. दुखऱ्या पायावर."